नियम नाही अशी जागा कुठे?

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले गाव. खरिपात सोयाबीन, तूर, कापूस. पाणी असेल तिथे हळद. मृग लागायच्या आधी या भागातल्या अनेक घरांत एक साधी चाचणी होते. घरच्या बियाण्यातले सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर रांगेत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि त्यावर अधूनमधून पाणी शिंपडायचे. आठवडाभराने उघडून मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर पेरायला हरकत नाही. कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी असतील तर बियाणेच बदलायचे.

या चाचणीत शंका असते ती दाण्याच्या दमाबद्दल. सोयाबीनच्या दाण्यातून सोयाबीनच येईल, तूर येणार नाही, याबद्दल कोणालाच शंका नसते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून पाली बौद्ध ग्रंथांवर भाष्ये लिहिणाऱ्या बुद्धघोषांच्या परंपरेने या खात्रीला एक नाव देऊन ठेवले आहे: बीजनियम. जग चालते ते पाच प्रकारच्या नियमांनी, असे ही भाष्ये सांगतात. ऋतुनियमाने ऊन-पाऊस होतो आणि झाडे आपापल्या वेळी फुलतात. बीजनियमाने भाताच्या बीजातून भातच येतो. चित्तनियम मनाच्या चालण्याचा, कर्मनियम कृतीला येणाऱ्या फळाचा, आणि धम्मनियम वस्तूंच्या मूळ स्वभावाचा. पहिले दोन नियम कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. चौथ्याशी मात्र थबकावे लागते. ‘पेराल ते उगवेल’ ही म्हण आपण शेताबद्दल क्वचितच वापरतो. बहुतेक वेळा माणसाच्या वागण्याबद्दलच वापरतो. बी आणि झाड यांच्यात जे नाते आहे तेच नाते कृती आणि तिचे फळ यांच्यात आहे, असे माणसाला कधीपासून आणि कशाच्या आधारावर वाटू लागले? आणि तसे ते खरोखर आहे का?

हा प्रश्न जगातल्या बहुतेक धर्मपरंपरांच्या मुळाशी सापडतो. ऋग्वेदात या नियमाला ‘ऋत’ म्हटले आहे. नद्या वाहतात, उषा रोज ठरल्या वाटेने येते, सूर्य चुकत नाही, ते या ऋतामुळे. ऋताचा राखणदार वरुण. त्याचे हेर सगळीकडे फिरत असतात आणि माणसाचे खरे-खोटे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणजे सूर्याची वाट आणि माणसाचा शब्द एकाच कायद्याखाली आले. योगायोग असा, की इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या एफेसस शहरात हेराक्लिटस नावाचा ग्रीक विचारवंतही जवळजवळ हेच सांगत होता: सूर्य आपली मर्यादा ओलांडणार नाही, ओलांडलीच तर न्यायाच्या सेविका त्याला शोधून काढतील. प्राचीन इराणात झरथुष्ट्राच्या अनुयायांनी या व्यवस्थेला ‘अशा’ म्हटले. मुंबई-पुण्यातल्या अग्यारींत आजही तिच्या स्तुतीची प्रार्थना रोज म्हटली जाते. इजिप्तमध्ये मृताचे हृदय तराजूत घालून दुसऱ्या पारड्यात ‘मात’ या देवतेचे पीस ठेवले जाई. चीनमधला ‘ताओ’ यापेक्षा वेगळा आहे. तो हुकूम देत नाही, पहारा ठेवत नाही. पाण्यासारखा उताराने वाहतो, आणि शहाण्याने त्याच्या आड येऊ नये एवढेच त्याचे मागणे.

इतक्या लांब जायची खरे तर गरज नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पाच तालुक्यांचा लहानसा जिल्हा आहे. पण या प्रश्नाची निदान तीन उत्तरे त्याच्या हद्दीत आणि चौथे शेजारच्या नांदेडात उभे आहे.

पहिले औंढा नागनाथला. हेमाडपंती बांधणीचे हे मंदिर यादवकाळातले. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून खाली उतरावे लागते. ज्यांचे जन्मगाव म्हणून याच जिल्ह्यातले कयाधूकाठचे नर्सी ओळखले जाते, ते नामदेव (१२७० ते १३५०) गुरूच्या शोधात इथे आले, अशी वारकरी परंपरा सांगते. पुढे त्यांचे गुरू झालेले विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. नामदेवांना ते सहन झाले नाही. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय, तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंड दिसू लागली. ही कथा आपण देव सर्वत्र आहे एवढ्यावर सोडून देतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. जे सर्वत्र सारखे आहे त्यापुढे कुणाला वेगळी जागा मागता येत नाही, सवलत मागता येत नाही. ना देवळातल्या पुजाऱ्याला, ना पंढरपूरच्या लाडक्या भक्ताला.

याच मंदिराची दुसरी कथा या पहिलीला पूरक आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, मागच्या बाजूला पाठवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. औंढ्यात नंदी समोर नसून मंदिराच्या मागे वेगळा आहे, त्याचे कारण भाविक हेच सांगतात. देऊळ फिरल्याचा उल्लेख नामदेवांच्या नावे गुरु ग्रंथ साहिबात असलेल्या पदांतही येतो. आणि शीख जनमसाख्यांमध्ये, म्हणजे चरित्रकथांमध्ये, गुरु नानकांची जी मक्केची कथा आहे ती विसोबांच्या कथेची सख्खी बहीण शोभावी अशी: नानक काब्याकडे पाय करून झोपले, रागावलेल्या माणसाने पाय ओढून दुसरीकडे वळवले, तर काबाही तिकडेच वळला. मराठवाडा आणि पंजाब यांच्यात या कथा कशा फिरल्या हे सिद्ध करणे अवघड आहे. नामदेव मात्र खरोखर फिरले. पंजाबातले घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे ओळखले जाते, २०१५ साली तिथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला आणि ग्रंथालाच पुढचा गुरू मानण्याची आज्ञा केली. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. शीख विचारात विश्वनियमाला ‘हुकुम’ म्हणतात. जपुजी साहिबच्या सुरुवातीलाच नानक विचारतात की माणूस खरा कसा होईल, असत्याची भिंत कशी पडेल. आणि उत्तर देतात की हुकुमाच्या वाटेने चालून. जन्म, मान-अपमान, सुख-दुःख सारे हुकुमात आहे, त्याच्या बाहेर काही नाही. गुरुद्वारात याला रोजचे रूप असते. ग्रंथ सहज उघडला जातो आणि डाव्या पानाच्या वरच्या भागातला शबद वाचला जातो. तो त्या दिवसाचा हुकुम. तो नामदेवांचाही निघू शकतो.

आता औंढा तालुक्यातल्याच शिरड शहापूरला यावे. इथे एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. इथले उत्तर ऐकायला कठोर आहे. जैन दर्शनात हुकूम देणारा कोणी नाही. विश्व कोणी निर्माण केलेले नाही, ते अनादी आहे आणि आपल्या नियमांनी चालते. कर्म हे इथे पाप-पुण्याच्या वहीतली नोंद नसून अतिसूक्ष्म द्रव्य आहे. राग, लोभ, अहंकार यांच्यामुळे ते जीवाला येऊन चिकटते आणि संयम-तपानेच झडते. मल्लिनाथांच्या मूर्तीपुढे हात जोडणारा श्रावक त्यांच्याकडे माफी मागत नाही, कारण तीर्थंकर माफी देऊ शकत नाहीत. त्यांनी वाट दाखवली. चालायचे ज्याचे त्याने.

वारकऱ्याचा विठ्ठल याच्या दुसऱ्या टोकाला. तो भक्तासाठी धावत येतो, दळण दळतो, कर्जाची फेड करतो. नियम आहेच, पण नियमाहून कृपा मोठी. शिखांकडे हुकुमासोबत ‘नदर’, म्हणजे कृपादृष्टी, आहे. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य व्याख्यानांत टाळ्या मिळवते, पण ते खरे नाही, आणि ते म्हणताना आपण शिरड शहापूरच्या श्रावकाचाही अपमान करतो आणि नर्सीच्या वारकऱ्याचाही. नियम सर्वांना लागू आहे यावर त्यांचे एकमत आहे. नियमामागे कोणी आहे का, आणि असला तर तो ऐकतो का, या प्रश्नावर त्यांचे अजिबात जुळत नाही. दोघांनी आपापल्या उत्तरापायी आयुष्ये वेचली आहेत.

कुराणातल्या ‘अर्‌-रहमान’ या सूरेची मांडणी या संदर्भात फार सुंदर आहे. सूर्य आणि चंद्र हिशेबाने चालतात, आकाश उंच केले आहे आणि तराजू स्थापला आहे, असे सांगून ती लगेच पुढे सांगते की मापात मारू नका, वजन नीट करा. ग्रहगोलांवरून थेट दुकानातल्या काट्यावर! मराठवाड्यात शेतमालाच्या बाजाराला मोंढा म्हणतात. सोयाबीनच्या हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना काट्यावर नजर रोखून उभा असलेला शेतकरी ज्याने पाहिला असेल, त्याला या दोन वाक्यांमधले अंतर किती कमी आहे हे लगेच कळेल. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही असेच एक चक्र आहे: अन्नातून प्राणी, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस, कर्मातून यज्ञ. या चक्रात आपला वाटा न देता नुसता उपभोग घेणाऱ्याचे जगणे गीता व्यर्थ ठरवते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी नेवाशात हा अध्याय मराठीत आणला तेव्हा यज्ञाच्या जागी आपापले विहित कर्म उभे केले.

इथेच काळजीपूर्वक बघायला हवे. विहित कर्म कोणाचे कोणते, हे ठरवले कोणी?

नामदेवांच्या मंडळीत मंगळवेढ्याचे चोखामेळा होते. त्यांच्या नावावरच्या अभंगांत काही ठिकाणी आपला हीन मानला गेलेला जन्म मागल्या कर्माचे फळ म्हणून आला आहे. विश्वनियमाची ही सर्वांत दुखरी जागा. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्यालाच सांगायचे की हा तुझाच जुना हिशेब आहे. पण त्याच घरात उलटा युक्तिवादही जन्मला. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न हाती घेतला आणि विचारले की प्रत्येक देह विटाळातूनच घडतो, मग सोवळा कोण? त्यांनी नियम नाकारला नाही, तो सर्वांना लावला. शरीर ज्या रीतीने जन्मते ती रीत ब्राह्मणाला आणि महाराला वेगळी नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचा हा तर्क आजही कोणाला खोडता आलेला नाही. विश्वनियम खरोखर विश्वाचा असेल तर तो उतरंडीचा आधार होऊच शकत नाही, हे महाराष्ट्रात इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी सांगितले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा पुढे नेला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात ऋतुनियम आणि बीजनियमाचा उल्लेख करून ते विचारतात की निसर्गात जशी व्यवस्था आहे तशी माणसांच्या समाजात नैतिक व्यवस्था आहे का, आणि ती राखतो कोण? त्यांच्या मांडणीत बुद्धाचे उत्तर कर्मनियम हे आहे: समाजाची नैतिक व्यवस्था चांगली की वाईट हे देवावर नाही, माणसांच्या कृतींवर ठरते. मात्र गेल्या जन्मीच्या कर्मामुळे आजचे दारिद्र्य, ही कल्पना त्यांनी स्पष्ट नाकारली. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी यासाठीच ती सोयीची आहे, असे त्यांचे म्हणणे. बुद्धघोषांच्या यादीतला कर्मनियम त्यांनी ठेवला, पण त्याचे तोंड मागच्या जन्माकडून आजच्या समाजाकडे वळवले.

निसर्गाचा नियम आणि नीतीचा नियम यांची सरमिसळ झाली की काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३४ चे आहे. १५ जानेवारीला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली ही शिक्षा आहे. अस्पृश्यता निवारणाच्या कामात गांधीजींच्या बाजूने असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर हरकत घेतली: भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, आणि हा युक्तिवाद उद्या विरोधकही वापरू शकतील. गांधीजींनी ती हरकत स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापली आणि आपले मत सोडले नाही. त्यांचा हेतू कितीही मोठा असला तरी या वादात टागोर बरोबर होते. मराठवाड्याला ते पटवून द्यावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ४ च्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती; गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. हजारो माणसे गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वर मातीचा थर असलेल्या माळवदांखाली. उन्हाळ्यात घर गार ठेवणारे तेच छप्पर अंगावर आले. त्या पहाटे भिंतीच्या वजनाने पापी कोण, पुण्यवान कोण हे पाहिले नाही. पुनर्वसनात भूकंपरोधक घरे बांधली गेली ती हेच ओळखून.

हिंगोली जिल्ह्यात आता या विषयाला एक नवा शेजारी आला आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन नळ्यांमधून लेसरचा किरण जाऊन परत येईल आणि नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो कळेल. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली होती. आइन्स्टाइनने शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली समीकरणे तिथेही जशीच्या तशी लागू पडली. नियमाला बाहेर नसते, याचा याहून मोठा पुरावा माणसाच्या हाती क्वचितच आला असेल. पण तो नियम वस्तुमानाचा आणि अवकाशाचा आहे. तो कोणाला शिक्षा करत नाही, बक्षीस देत नाही. वेदांत हे सगळे आधीच होते असे म्हणून त्याला ऋताशी जोडू पाहणाऱ्यांनी ऋत नीट वाचलेले नाही, आणि लायगोही.

अलीकडे समाजमाध्यमांवर ‘विश्वाचे सात नियम’, ‘आकर्षणाचा नियम’ अशा नावांनी बरेच काही फिरते आणि ते हजारो वर्षांपूर्वीचे इजिप्तचे किंवा ऋषिमुनींचे ज्ञान म्हणून सांगितले जाते. सात तत्त्वांची ती यादी ‘द किबालियन’ या १९०८ साली शिकागोत छापलेल्या पुस्तकातली आहे. लेखकांनी नाव लपवले होते. विल्यम वॉकर ॲटकिन्सन हा अमेरिकी लेखक त्यामागे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानेच १९०६ मध्ये आकर्षणाच्या नियमावर पुस्तक लिहिले होते आणि २००६ च्या ‘द सीक्रेट’ या चित्रपटाने आणि पुस्तकाने तो विचार घराघरांत नेला. मनात तीव्र इच्छा धरली की विश्व ती पुरवते, हे त्याचे सार. विसोबा, मल्लिनाथ, नानक आणि बुद्ध यांपैकी एकालाही हे मान्य झाले नसते. त्यांच्याकडे माणसाने नियमापुढे स्वतःला वळवायचे असते. इथे नियमालाच माणसाच्या इच्छेपुढे वळवले आहे. शिवाय ज्याला मिळाले नाही त्याने नीट इच्छा केली नाही असा निष्कर्ष त्यातून निघतो, आणि तो चोखोबांना सांगितलेल्या जुन्या हिशेबाहून वेगळा नाही.

कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या दारात, आजाऱ्याच्या उशाशी, भूकंपग्रस्तांच्या छावणीत जर कोणी विश्वाच्या नियमाचे नाव घेऊन त्यांच्या दुःखाचे कारण त्यांच्याच पदरात टाकू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. आणि हिंगोली जिल्ह्यात जाणे झाले तर औंढ्याच्या दर्शनावर परत फिरू नका. नर्सी आणि शिरड शहापूर दोन्ही ठिकाणी जा, तिथल्या माणसांना त्यांचे उत्तर विचारा, आणि सोबत शाळकरी मुले असतील तर दुधाळ्याला काय उभे राहणार आहे तेही त्यांना सांगा.